डबा खोलीवर मागवू नकोस

प्रिय पोरा,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज वाचला. "अभ्यास होतोय सर, पण कुणी हाक मारली तरी वाटतं, हा आता मार्कच विचारणार." नीटच्या 720 मार्कांचं गणित तुला माझ्यापेक्षा बरं कळतं. मी एकच सांगणार : डबा खोलीवर मागवू नकोस. मेसमध्ये जा, माणसांत बसून जेव.

हसू नकोस. परवा तुझ्या खोलीवर आलो तेव्हा दाराआड तीन डबे पडले होते. एकातलं वरण तसंच, वर साय धरलेली. मोबाईल टेकवायला बायोलॉजीचं पुस्तक.

मार्च 2020 मध्ये तू नववीत होतास. दहावी आईच्या मोबाईलवर गेली, बोर्डाची परीक्षा झालीच नाही, राज्याचा निकाल 99.95 टक्के. अकरावीही निम्मी तशीच. भांडून, रुसून, परत गळ्यात हात टाकून माणसं ओळखायला शिकायचं ते वय चार भिंतींत गेलं, त्यावर आता लातूरची ही खोली आणि रिपीटचं दुसरं वर्ष. तेव्हा "माझा स्वभावच असा" हे मला ऐकवू नकोस.

"फोनवर बोलतो की" हेही नको. केंब्रिजमध्ये 16 ते 19 वयाच्या मुलामुलींना काही तास एकटं ठेवून पाहिलं, एकदा फोनशिवाय, एकदा फोनसह. फोन असताना एकटेपणा कमी वाटला, पण धोक्याच्या इशाऱ्याला मुलं दोन्ही वेळा नेहमीपेक्षा जास्त धास्तावली. हे काही तासांत! तुझे किती महिने झाले? समोरचा मार्कच विचारणार, ही धास्ती तिथलीच आहे. त्या बिचाऱ्याला कदाचित फक्त चटणी हवी असते.

मन झालं की जाईन म्हणतोस. होणार नाही. फार दिवस उपाशी राहिलं की भूकच मरते, तसं आहे हे. मन नसतानाच जायचं. बोलू नकोस हवं तर, पण ताट तिथे घे.

वसतिगृहावर रेक्टर असताना मी खोलीत डबा न्यायला बंदी केली होती. पालक भांडायला आले, पोरांचा पाऊण तास फुकट जातो म्हणून. संस्थेने त्यांचं ऐकलं, मी नोकरी सोडली. लोक हट्टी म्हणतात, म्हणोत. पंगतीला न आलेला पोरगा मला त्याच रात्री कळायचा. डबा खोलीत गेला की महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. तुझंच बघ, मला दिवाळीनंतर कळलं. अजून सांगतो, माझा नियम बरोबर होता.

मात्र झोप पार उडाली, जगणंच नको वाटू लागलं, तर हा ताटाचा उपदेश बाजूला ठेव आणि मला फोन कर, किती वाजलेत ते बघू नकोस. 14416 वर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांकडे मी बरोबर येईन, आईला काय सांगायचं तेही मी बघतो.

आणि महिन्याचे पैसे आगाऊ दिलेत ही सबब चालणार नाही. मेसच्या मावशींशी बोललोय. उद्यापासून तुझा डबा निघणार नाही, ताट तिथेच वाढतील. साडेआठला पोच, नंतर पोळ्या गार होतात.

तुझा,
सर