पबमध्ये दारं लावलेले कप्पे कशाला?

प्रश्न : भाच्याने उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या 'क्राउन लिकर सलून' या पबचा फोटो पाठवलाय. आत नक्षीदार लाकडी कप्पे, त्यांना चक्क दारं! आमच्या तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्यात, एक बाक नि एक कपाट. हा थाट कशाला? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : लाजेपोटी हो! आपल्याकडे मागच्या दाराने जातात, तिथे आतून दार लावून घेत. व्हिक्टोरियन काळात चारचौघांत पिताना दिसणं नको असे, म्हणून हे 'स्नग'. क्राउनमध्ये असे 10 आहेत. आत घंटेचं बटण. दाबलं की माणूस हजर. भिंतीवर धातूची छोटी पट्टी दिसेल, ती काडी ओढायला.

रंगीत काचा मला फार आवडतात. उजेड आत येतो, पण रस्त्यावरच्याला चेहरा दिसत नाही. मडगावच्या आमच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या हेच काम करत. आजी त्याआडून अख्ख्या वाड्यावर लक्ष ठेवायची, ते वेगळं.

टाइल्स आणि कोरीवकाम इटालियन कारागिरांचं, 1885 च्या सुमाराचं. चर्चच्या कामावरचे हे लोक संध्याकाळी इथे राबत, असं सांगतात. म्हणूनच तुम्हाला थाट देवळासारखा वाटला असेल. 1978 पासून वास्तू नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. भाच्याला म्हणावं, गॅसचे दिवे बघायला संध्याकाळीच जा.