हात आखडता, जीव नको: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळच्या बऱ्याच मेलचा सूर एकच होता. पैसे कमी पडतात हे तर आहेच, पण त्याहून जास्त डोकं खातो तो दिवसभर मनात चालणारा हिशेब. चार प्रश्न घेतलेत.

पैसे नसले तरी आनंदात राहा म्हणे! माझा अर्धा पगार हप्त्यांत जातो, असलं काही ऐकलं की चीड येते. माझंच चुकतंय का?

अजिबात नाही, मलाही येते. पैशाने सुख मिळत नाही हे सांगणाऱ्याचे हप्ते बहुतेक वेळा फिटलेले असतात. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं की ठराविक कमाईनंतर रोजचा आनंद फारसा वाढत नाही, मग २०२१ ला मॅथ्यू किलिंग्सवर्थ म्हणाला वाढतच राहतो, आणि २०२३ मध्ये किलिंग्सवर्थ आणि कानेमन एकत्र बसले तेव्हा निघालं की बहुतेकांचा वाढतो, फक्त जे सगळ्यात दुःखी असतात त्यांचा एका टप्प्यावर अडकतो. पण हा सगळा वाद वरच्या टोकाचा. खाली, जिथे महिना भागत नाही तिथे, चार पैसे वाढले की जीव हलका होतो याबद्दल भांडण नव्हतंच.

त्यामुळे तुम्हाला मी कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगणार नाही. एका कागदावर सगळी कर्जं, बाकी रक्कम आणि व्याजदर लिहा. सगळ्यांचे हप्ते वेळेवर भरा आणि वर जे काही उरेल ते सगळ्यात जास्त व्याजाच्या कर्जावर टाका. काहीजण सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवतात, त्यात व्याज थोडं जास्त जातं पण एक नाव खोडायला मिळाल्याने हुरूप येत असेल तर तसं करा, चालतंय. क्रेडिट कार्डचा मिनिमम ड्यू, म्हणजे किमान भरायची रक्कम, भरला म्हणजे सुटलो असं मात्र समजू नका, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं. आणि हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेला फोन करा, नंतर नाही.

स्वतःसाठी बारीकशी वस्तू घेतली तरी रात्रभर टोचत राहतं. एवढी कशी मी कंजूस झाले?

कंजूस नाही हो, दमलाय तुम्ही. २०१३ च्या एका अभ्यासात त्याच त्या ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि नंतर पैसे आल्यावर डोक्याला ताण देणाऱ्या चाचण्या दिल्या. आधी कमी गुण, नंतर जास्त. माणसं तीच, अक्कल तीच, फक्त आधी डोक्यातली जागा पैशाच्या काळजीने अडवलेली. म्हणून काटकसर वाढवण्याआधी निर्णय कमी करा. पगार झाला त्याच दिवशी भाडं, बिलं, हप्ते बाजूला काढा, जमेल ते खात्यातून आपोआप कापलं जाईल असं लावून टाका, आणि मग एक अगदी छोटी रक्कम बिनहिशेबी म्हणून वेगळी ठेवा. ती कुठे गेली हे कुणी विचारायचं नाही, तुम्ही स्वतःलाही नाही! माझ्याकडे यासाठी एक पोचे आलेला डबा आहे, नवरा त्याला राजकोष म्हणतो. महिनाअखेरीस बहुतेक वेळा त्यात नुसता खडखडाट असतो, पण तो खर्च टोचत नाही, कारण त्याची परवानगी आधीच दिलेली असते.

मी पैसा धरून ठेवतो, बायको हात सैल सोडते. रोज भांडण.

तुमच्यासारख्या जोड्या ढिगाने आहेत. स्कॉट रिक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच दाखवलं, खर्च करताना जीव तुटणारे आणि उधळे एकमेकांकडे ओढले जातात आणि मग पैशावरून जास्त भांडतात. स्वतःत जे आवडत नाही त्याच्या उलटं माणूस आवडतं, आणि लग्नानंतर तेच डोक्यात जातं. तर मागच्या उत्तरातला तो बिनहिशेबी डबा तुमच्या घरात दोन करा, दोघांना सारखी रक्कम. तिने उडवली तरी गप्प, तुम्ही साठवून ठेवली तरी तिने टोमणे नाही मारायचे. बाकी पैशाचं बोलणं आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी, आणि दमून घरात पाऊल टाकल्या टाकल्या तर नकोच.

मित्र बाहेर बोलावतात, दर वेळी खोटी कारणं देतो. आता बोलावणंच कमी झालंय.

कारण त्यांना वाटतंय तुम्हाला ते नकोत. "यार, या महिन्यात बजेट टाईट आहे, पण भेटायचंय" एवढंच म्हणा. आणि पुढचा प्लॅन त्यांच्याकडून यायच्या आत तुम्हीच टाका, संध्याकाळी चालायला जाऊ म्हणा नाहीतर घरी पत्त्यांचा डाव मांडा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. बघा मात्र, ग्रुपमधला अजून एखादा हळूच म्हणेल की बरं झालं तू बोललास.