फॉरेन्सिक मानसशास्त्रात एम.एस्सी. करावी, की आधी क्लिनिकलकडे जावे?

मानसशास्त्रात बी.ए. झाल्यावर गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजीची, म्हणजे गुन्हे आणि न्यायालयाशी संबंधित मानसशास्त्राची, एम.एस्सी. करावी, की आधी क्लिनिकलचे, म्हणजे मनोरुग्णांची तपासणी व उपचार यांचे, शिक्षण घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी मनोरुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असून न्यायालयाने पाठवलेल्या आरोपींची तपासणी हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे माझे मत थोडे एकतर्फी असेल, हे आधीच सांगतो.

पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी तपासणारी चाचणी) यांसारखे प्रयोगशाळेतील काम करायचे असेल, तर एम.एस्सी. योग्य आहे; मात्र संमतीशिवाय अशा चाचण्या करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात स्पष्ट केले आहे. आरोपी रुग्णांसोबत काम करायचे असेल, तर आधी क्लिनिकलचे शिक्षण आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवा, कारण स्किझोफ्रेनियाचे शंभरएक रुग्ण जवळून पाहिल्याशिवाय सोंग कोणते आणि आजार कोणता, हे पुस्तकावरून उमगत नाही.

या क्षेत्राची खरी अडचण अशी की आजार असणे आणि कायद्याने वेडसर ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८४, कृत्य करतानाची मनःस्थिती विचारते. आरोपी आज खटल्याला सामोरा जाऊ शकतो का, हा प्रश्न निराळा आणि त्याची प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी मी आरोपीला वकील कोण, न्यायाधीश काय करतात, असे साधे प्रश्न विचारतो. ‘न्यायाधीश काय करतात?’ यावर एकाने शांतपणे सांगितले, ‘तारीख देतात.’ मी ते उत्तर अहवालात जसेच्या तसे लिहिले आणि पुढे ‘समज आहे’ अशी नोंद केली.

अहवाल पाठवला की काम संपले, असेही नाही. आसामचे मचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले. १९६७ मध्ये तेजपूरच्या मनोरुग्णालयाने त्यांना बरे ठरवले, तरीही ते खटल्याविना २००५ पर्यंत कोठडीतच राहिले. म्हणून प्रवेश कुठेही घ्या, पण तेथे कारागृहात आणि न्यायालयात प्रत्यक्ष काम करायला मिळते का, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या. माहितीपत्रकावर विसंबू नका.