फ्रीजचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून ते अकाउंटंट म्हणून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख आले. त्यातल्या 14 लाखांत जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिची मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, करून घेतली. ती भाड्याने देऊन महिना 80 हजार मिळतील, असा त्यांचा अंदाज. आता तिच्यात घरचा 240 लिटरचा डबल डोअर फ्रीज चालवायचाय, कारण काकूंचं इन्सुलिन. बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि सोलरचं कोटेशन 1 लाख 90 हजारांचं. एफडी मोडू की पर्सनल लोन काढू, हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता: "बँकेत 4 लाखांची एफडीसारखी पॉलिसी केलीय, पाच वर्षांत दुप्पट होईल. बॉण्ड गेल्या आठवड्यात आला."

काका, मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकलो. तुम्ही पाठवलेल्या बॉण्डच्या, म्हणजे पॉलिसीच्या कागदाच्या, फोटोत प्रीमियम भरायची मुदत 5 वर्षं छापलीय. म्हणजे 4 लाख एकदा नाही, पाचदा भरायचे. एकूण 20 लाख, आणि मुदत संपणार पंधराव्या वर्षी. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला 14 टक्क्यांहून जास्त परतावा लागतो. बॉण्डवरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर साडेपाचही पडत नाही. पगार थांबलेल्या माणसाच्या गळ्यात असं काही मारतात, त्याची मला चीड येते.

तुमच्याकडे उरले 24 लाख. घरखर्च महिना 30 हजार, पीएफची पेन्शन 3,200. म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन लाख पदरचे, वर 4 लाख प्रीमियम. व्याज धरूनही चौथं वर्ष संपता संपता पाचवा प्रीमियम भरण्याइतकेही पैसे खात्यात उरत नाहीत. या हिशेबात फ्रीज धरलेलाच नाही.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लूक असतो, म्हणजे तेवढ्या दिवसांत ती परत करता येते. याच आठवड्यात विमा कंपनीला पॉलिसी रद्द करण्याचं पत्र द्या, ईमेलही करा आणि शाखेतून तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. बँकेचे मॅनेजरसाहेब "थोडं थांबा" म्हणतील. थांबू नका, 30 दिवस उलटून जावेत हेच त्यांना हवंय. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि पुढे पुण्याला विमा लोकपाल आहेत.

पैसे आले की 3 लाख अडीअडचणीला बाजूला ठेवा. उरलेले 25 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी महिन्याला 17 हजार पडतात, पेन्शन धरून 20. दहा हजारांची तूट राहतेच. ती तुम्ही दोन-तीन चादर कारखान्यांच्या जीएसटीच्या कामातून भरून काढू शकाल. गाडी भाड्याने देऊन महिना 80 हजार मिळतील हे मात्र विसरा. खासगी नंबरची गाडी भाड्याने देता येत नाही.

आता फ्रीज. तुमच्या फ्रीजला लेबलवर वर्षाला 200 ते 250 युनिट असतात. एप्रिलमधल्या सोलापुरात, तापलेल्या पत्र्याच्या गाडीत, दिवसाला एक युनिट धरा. इन्व्हर्टर नुसता चालू राहून तिसरा हिस्सा युनिट वेगळा खातो. कोटेशनमधल्या दोन 200 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटऱ्यांतून 4 युनिट निघतात, म्हणजे फ्रीज एकटा असेल तर तीन दिवस खरे. पण कोटेशनवाल्याचं "एसीसुद्धा चालेल" हे साफ खोटं. एक टनाचा एसी चार तासांत सगळं संपवेल. आणि सोलरला ऊन लागतं, तुम्ही गाडी लावणार झाडाखाली. पावसाळ्यात कोकणात उतरलात तर विचारूच नका.

इन्सुलिन आणि दूध-भाजीसाठी 12 व्होल्टचा 40 लिटरचा कंप्रेसर फ्रीज पुरतो. तो थेट बॅटरीवर चालतो, इन्व्हर्टर लागत नाही, दिवसाला अर्धा-पाऊण युनिट घेतो. सोबत 100 एएच लिथियम बॅटरी आणि गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून) ती भरणारा डीसी-डीसी चार्जर. सगळं साधारण पाऊण लाखात बसतं. फ्रीजसाठी एफडी मोडू नका, लोन तर नकोच. पॉलिसीचे पैसे परत आल्यावर त्यातूनच घ्या, म्हणजे स्कीममध्ये 25 ऐवजी सव्वाचोवीस लाख जातील. तोवर जवळच्या तुळजापूर-गाणगापूरच्या फेऱ्यांना आइसबॉक्स चालेल, फक्त इन्सुलिन बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलं की ते वाया गेलं.

गाडीत केलेल्या बदलाची आरसीवर नोंद झालीय का, तेही आरटीओत पाहून घ्या. नसेल तर उद्या गाडीच्या विम्याचा क्लेम अडतो, आणि गाडीत 14 लाख गुंतलेत.