घडीच्या चाकूवरची नक्षी हाताने कोरलेली आहे की लेझरने, हे कसं ओळखायचं?

भिंग घ्या आणि एकाच रेघेकडे नीट बघा. हाताने कोरताना कारागीर टोकदार छिन्नीने धातू कापून काढतो. त्यामुळे रेघेच्या दोन्ही भिंती तिरक्या आणि चकचकीत दिसतात. वळणावर ती जाड होते, शेवटाला केसासारखी बारीक होत संपते. चाकू जरा तिरका केला की उजेड तिच्यावरून सरकत जातो, आणि ते बघायला फार सुंदर वाटतं. लेझर धातू जाळतो, त्यामुळे तळ खरखरीत, करडा आणि रेघेची रुंदी बहुतेक सगळीकडे सारखीच.

जागाही बघा. पाणी दिलेलं पातं इतकं कडक असतं की त्यावर छिन्नी सहज चालत नाही. म्हणून हाताची नक्षी बहुधा बोल्स्टरवर, म्हणजे पात्यालगतच्या मुठीच्या धातूच्या भागावर असते. तिथे जर्मन सिल्व्हर किंवा मऊ पोलाद वापरतात.

पण खरेदी करत असाल तर आधी चाकू उघडून-मिटून बघा. मिटल्यावर पातं बरोबर मधोमध बसायला हवं. उघडल्यावर ते पिनेपाशी डावी-उजवीकडे डगमगत असेल, तर नक्षी कितीही देखणी असली तरी मी तो चाकू घेणार नाही.