विहीर आमची, पाणीपट्टी सरकारची

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत 1934 सालच्या पाणीपट्टीच्या पावत्या सापडल्या. एका पावतीवर उसापुढे ‘ब्लॉक’ असे लिहिले आहे. दुसऱ्या पावतीत आमच्याच विहिरीखालच्या बागायतीवर ‘पाझर’ म्हणून आकारणी केलेली दिसते. ही विहीर पणजोबांनी पदरच्या पैशाने खोदली होती. मग तिच्या पाण्याचे पैसे सरकारने कशाबद्दल घेतले? आणि इंग्रज सरकारला या कालव्यांतून खरोखर फायदा होत होता का? (एक वाचक, बारामती तालुका)

उत्तर : माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर गेली. तुमच्या पावत्यांसारखे कागद माझ्या हातून पुष्कळ गेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी पाझराचे सांगतो. मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा 1879 सालचा. त्याच्या 48 व्या कलमाने कालव्याच्या अधिकाऱ्याला एक मोठा अधिकार दिला होता. कालव्यापासून 200 यार्डांच्या आत लागवडीची जमीन असेल किंवा कालव्याला पाणी सुटल्यानंतर खोदलेली विहीर असेल आणि तिला कालव्याचे पाणी झिरपून मिळत असेल, तर सरळ चारीने पाणी घेतल्यावर जेवढा आकार पडला असता तिथपर्यंत पाणीपट्टी लावता येत असे. विहीर कोणी खोदली, खर्च कोणी केला, याला त्या कलमात जागा नव्हती. पैसे थकले तर वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी, म्हणजे जप्तीपर्यंत. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा चालूच राहिला. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा 1976 साली केला.

खात्याची बाजूही सांगितली पाहिजे. कालव्याला पाळी, म्हणजे ठरल्या वेळचे पाणी, सुटली की काठच्या विहिरींना पाणी चढते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पाळी बंद झाली की त्याच विहिरी उतरतात. तेव्हा झिरप्याचे पाणी खोटे नव्हते. पण विहिरीत स्वतःच्या झऱ्याचे पाणी किती आणि पाटाचे किती, हे बांधावर उभे राहून कोणालाच सांगता येत नाही. कलम सांगायचे ‘अधिकाऱ्याला दिसून आल्यास’, आणि शेतकऱ्याच्या म्हणण्यापेक्षा कारकुनाच्या टिपणाला वजन असे. माझ्या मते या कायद्यातले शेतकऱ्याला सर्वांत जाचलेले कलम हेच. पाणी न मागता पाणीपट्टी येई, आणि पाटामुळे रान चिबडले, म्हणजे पाणी साचून दलदलीचे झाले, तर त्याची भरपाई मागायला त्याच तोडीचे कलम हाताशी नव्हते.

आता ब्लॉक. तो समजायचा तर कालवा कशासाठी झाला इथपासून निघावे लागते. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनवर कोसळला तेव्हा नीरा कालव्याची माती दुष्काळी कामावरच्या माणसांनी उचलली. त्याच काळात हिंदुस्थान सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल याने ठरवलेली मजुरी होती दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा. त्या मजुरीला नकार देऊन माणसे काम सोडून गेली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. दुष्काळानंतर हिंदुस्थान सरकार वर्षाला दीड कोट रुपये दुष्काळ-निवारणासाठी वेगळे काढू लागले. त्यातून जी कामे झाली त्यांना ‘संरक्षक’ म्हणत. ज्या कामांना ‘उत्पादक’ म्हणत ती कर्ज काढून करायची, आणि पुरी झाल्यापासून दहा वर्षांत त्यांच्या निव्वळ उत्पन्नातून भांडवलाचे व्याज सुटले पाहिजे, अशी अट असे. नीरा कालवा संरक्षक वर्गातला. वेळवंडीवर भाटघरला धरण, खाली वीरला बंधारा, आणि तिथून बारामती-इंदापूरकडे जाणारा पाट. 1885 पासून पाणी सुरू झाले.

सरकारची कल्पना अशी की कोरडवाहू ज्वारी-बाजरीला पाणी मिळेल आणि पुन्हा भूकबळी होणार नाहीत. प्रत्यक्षात पाऊस बरा झाला की जिरायतदार पाणी घेतच नसे. काळ्या रानात ओल टिकते. हस्ताचा पाऊस झाला असेल तर रब्बीच्या ज्वारीला पाटाच्या पाण्याची गरज नाही, आणि पाणी दिले नि वरून पाऊस आला तर पीक पिवळे पडते. पट्टी भरायची ती वेगळीच. पाऊस गेला त्या वर्षी मात्र सगळे एकदम अर्ज घेऊन दारात, आणि नेमके त्याच वर्षी धरण अर्धे. यात शेतकऱ्याचे काही चुकले असे मला कधी वाटले नाही. त्याचा हिशेब त्याच्या रानापुरता बिनचूक होता.

खात्याला मात्र दर साल आकडा दाखवावा लागे: एकूण पाणीपट्टी, वजा चालू खर्च, बाकी राहिलेली रक्कम भांडवलाच्या शेकडा किती. काम संरक्षक असले तरी हा तक्ता सुटत नसे. पंजाबात चिनाबवर 1892 साली कालवा सुरू झाला. तिथे बर्फाच्या पाण्याची बारमाही नदी, सपाट मुलूख आणि सरकारी पडीक जमीन. त्या कालव्याने भांडवलावर भरघोस परतावा दिला. आमच्याकडे नद्या पावसाळी, म्हणून आधी धरण बांधा, मग डोंगरउतारातून पाट न्या. खर्च दांडगा आणि गिऱ्हाईक लहरी. दख्खनचे कालवे व्याजापुरतेही कमावत नसत. खडकवासल्याचे मुठा कालवे पैसे मिळवतील या आशेने बांधलेले, पण तेही मागेच राहिले. त्यांना पुणे शहर आणि लष्कराच्या पाण्याचा आधार मिळत होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे येते: नाही, दख्खनमध्ये सरकारला कालव्यातून नफा झाला नाही. पण नफा व्हावा ही ओढ कायम होती, आणि ज्या पिकाने ती थोडीफार भागवली ते ऊस. उसाला वर्षभर, उन्हाळ्यातही पाणी लागते, एकरी आकार सर्वांत जास्त, आणि गुळाचा पैसा रोख असल्यामुळे पट्टी वसूल होते. सासवडकडची माळी मंडळी नीरेच्या पाण्यावर खंडाने जमिनी घेत आली ती याच उसासाठी. त्यांच्याइतका ऊस जाणणारे तेव्हा दुसरे कोणी नव्हते.

मग ऊस पाटाच्या वरच्या अंगाला, वाटेल तिथे तुकड्या-तुकड्यांनी पसरला. एका तुकड्यासाठी मैलभर चारी वाहायची, निम्मे पाणी वाटेत जिरायचे, आणि शेवटच्या गावांना कोरडी चारी बघत बसावे लागे. यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तोड काढली. ते तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते; खडकवासल्याला 1903 साली बसवलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. त्यांची ब्लॉक पद्धत अशी: दर गावात निचऱ्याची चांगली जमीन एकत्र निवडायची, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि बाकीत हंगामी पिके आलटून-पालटून घ्यायची, आणि त्या जमिनीला सलग काही वर्षे पाण्याची हमी द्यायची. शेतकऱ्यांनी आधी संशय घेतला, आणि घेणारच. आपल्या रानात कुठे काय लावायचे हे सरकार सांगणार म्हटल्यावर कोणाला आवडेल? पण पाण्याची हमी कागदावर मिळाली तशी माणसे वळली. तुमच्या आजोबांच्या पावतीवरचा ब्लॉक म्हणजे हीच मंजुरी. ब्लॉक हातात असलेल्या माणसाला सावकारही दारात उभा करी, आणि मुलीचा बापसुद्धा स्थळ बघताना ब्लॉकची चौकशी करी, असे मी जुन्या माणसांकडून ऐकले आहे.

विश्वेश्वरय्यांचे हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण पाणी खालच्या गावांपर्यंत पोचावे हा विचार त्यात होता. पण खात्याच्या त्या सालोसालच्या तक्त्यात एक रकाना कधीच नव्हता, आणि तो मला नोकरीभर खुपला. अति पाण्याने नीरेकाठची रानेच्या राने चोपण, म्हणजे खारवट नि नापीक, झाली. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे या शेतीशास्त्रज्ञांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करून ते मांडले. 1916 साली इलाख्याने सिंचनाच्या या प्रश्नांसाठी खास विभाग काढला. आज खडकवासल्याला जे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याचे मूळ तिथे. उत्पन्नाच्या बाजूला उसाची पट्टी जमा होत राहिली, पण त्याच उसाने नापीक झालेली जमीन खर्चाच्या बाजूला कोणी मांडली नाही. ती मांडली असती तर शेकडा परताव्याचा आकडा काय निघाला असता?

1934 सालाबद्दल एक गोष्ट राहिली. 1919 च्या सुधारणांनंतर पाटबंधारे प्रांताकडे आले, पण राखीव खाते म्हणून. लोकनियुक्त मंत्र्याचा त्यावर हात नव्हता. भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 मध्ये झाले, मग भाटघरचे नवे लॉइड धरण आणि नीरेचा उजवा कालवा. सिंधमधला सक्करचा बांधसुद्धा 1932 साली मुंबई इलाख्याच्याच नावावर पुरा झाला. सिंध वेगळा झाला तो 1936 ला. इतके भांडवल घातले आणि नेमक्या त्याच वेळी मंदीत गुळाचे भाव बसले. परदेशी साखरेवर बसवलेल्या 1932 च्या संरक्षक जकातीमुळे साखर कारखाने उभे राहिले: कळंबला वालचंदनगर, उजव्या कालव्यावर माळीनगर. खात्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, कारण हजारो एकर ऊस एका खातेदाराकडे आणि पट्टी एका ठिकाणी वसूल. तुमच्या आजोबांनी त्या वर्षी ब्लॉक टिकवला आणि पट्टीही भरली, याचा अर्थ त्यांनी फार ओढाताण करून शेती धरून ठेवली. त्या पावत्या जपा.

प्रश्न : आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांना इंग्रज काळात अशीच पाणीपट्टी होती का? (एक वाचक, साकोली)

उत्तर : तुमचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि तिथली घडण वेगळी. हे तलाव गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या हातून झाले. इंग्रजांनी जमीनमहसुलासाठी मालगुजार नेमले आणि तलावही त्यांच्या ताब्यात गेले, त्यावरून ‘मालगुजारी तलाव’; आजचे ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’. गावकऱ्यांचा पाण्यावरचा हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या हक्क-रिवाजांच्या नोंदीत, लिहून ठेवलेला असे. धानाला पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे, पाळ कोणी बांधायची, हे गावातच ठरे. रामटेकजवळचा खिंडसी किंवा आसोलामेंढा असे सरकारी तलाव झाले ते 1901 ते 03 च्या सिंचन आयोगानंतर. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आमच्या कालव्यावर पाण्याचा मालक पहिल्या दिवसापासून सरकार. तुमच्याकडे ते फार उशिरा आले.

प्रश्न : अशा जुन्या नोंदी कुठे पाहायला मिळतील? (एक विद्यार्थिनी, फलटण)

उत्तर : मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, सार्वजनिक बांधकाम आणि महसूल खात्याची जुनी दफ्तरे तिथे मागा. छापील सरकारी अहवालांसाठी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय चांगले. पण आधी घरचे आणि शेजारचे कागद बघा: पट्टीच्या पावत्या, पाणीअर्जाच्या नकला, ब्लॉकची मंजुरीपत्रे. अहवालात कालव्याचा एकूण आकडा असतो. एका सर्व्हे नंबरला कोणत्या साली कोणत्या पिकासाठी किती आणे पडले, हे पावतीवरच मिळते. अशा पावत्या असतील त्या वाचकांनी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून मासिकाकडे पाठवावेत. मागच्या बाजूचे शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणा सोडू नयेत, थकबाकीच्या नोंदी बहुतेक वेळा तिथेच असतात.