निवासी शिबिर, सोलापूर: राहण्याचं आधी लिहून घ्या

तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या निवासी कथालेखन शिबिरात निवड झाली, शुल्क भरलं, आणि राहायचं कुठे विचारल्यावर फोनवर 'या तुम्ही, होईल सोय' एवढंच उत्तर मिळालं. वाचून पोटात गोळा आला. याच वाक्यावर विसंबून मीही पुण्याहून निघाले होते.

कथा कोणती न्यायची वगैरे बाकीचे सांगतीलच. माझी चूक वेगळी. शिबिर संक्रांतीच्या आठवड्यात, म्हणजे ऐन गड्ड्यात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा: नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा. कर्नाटक-तेलंगणातूनही माणसं येतात. हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री दहाच्या सुमारास उतरले, तर आयोजकांच्या कार्यालयाचा फोन कुणी उचलेना. तिसऱ्या लॉजवाल्याने रजिस्टरातून मान वर न करता विचारलं, "एकट्याच का?" आणि मग, "फुल्ल आहे." रात्र वेटिंग रूममध्ये काढली, कथेच्या वीस प्रतींची पिशवी उशाला घेऊन.

सकाळी कळलं, बायकांची सोय एका वसतिगृहात होती आणि यादीत माझं नावही होतं! फक्त मला कळवायचं राहिलं. तोंड धुऊन, रिक्षा करून पोचेपर्यंत माझ्या कथेची पाळी गेलेली. ती ढकलली शेवटच्या दिवशी, जेवणानंतर. तोवर निम्मे लोक गाड्या पकडायला निघालेले, आणि ज्यांचं मत ऐकायला एवढी आले ते मार्गदर्शकही. सात जणांपुढे वाचली, त्यातले दोघे पेंगत होते. कार्यालयाचं म्हणणं काय, तर 'फोन करायचा ना!' केला होता हो, अकरा वेळा.

तेव्हा खोलीचा पत्ता, तिथल्या माणसाचा नंबर आणि किल्ली रात्री किती वाजेपर्यंत मिळेल, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सगळे आयोजक असे नसतात, माझा अनुभव एकाच शिबिराचा. पण लिहून देत नसतील तर मी तरी पदरचे पैसे घालून खोली आधीच बुक करेन.

जाता जाता: कथा पीडीएफ करून न्या, त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर पानभर चौकोन दिसतात. आणि उतरल्यावर कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन ठेवा, सत्रं लांबली की जेवायला चार वाजतात.

तारखा तुम्ही लिहिल्या नाहीत. जानेवारी असेल तर आजच फोन करा, आणि तेच कार्यालय असेल तर सकाळीच. चारनंतर तिथे कुणी उचलत नसे.